खांद शेकलेला दांडा

मी एक दांडा बोलतोय. मुठीत मावेल एवढा, काळा, बुडाशी घड्याघड्यांची रबरी टोपी घातलेला. दुकानात मला जॉयस्टिक म्हणतात. खेळाच्या यंत्रावर माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. पण मी खेळण्यातला नाही. मोर्शीच्या पुढं एका संत्र्याच्या बागेत मी फवारणीची गाडी चालवली आहे. ती गाडी म्हणजे एक रोबो. तिच्यावर माणूस बसत नाही. माणूस मागून चालतो आणि मला हलवतो.

सावकाश सांगतो. मला घाई जमत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावानं संशयी आहे. तसा जन्मलो नसेन, पण जन्मल्यापासून जे पाहिलं त्यानं झालो.

माझ्या पोटात दोन पोटेन्शियोमीटर आहेत. नाव लांबलचक, वस्तू साधी. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करायची जी खुंटी असायची, तिच्या आत हेच असायचं. कोळशाच्या पातळ लेपाची एक वाकडी पट्टी, आणि तिच्यावरून घासत सरकणारी एक धातूची जीभ. एक पोटेन्शियोमीटर पुढं-मागं ओळखतो, दुसरा डावं-उजवं. वरून मला ढकललं की खाली जिभा सरकतात. हात सोडला की स्प्रिंग मला परत मधोमध उभा करते. एवढंच माझं शरीर.

कारखाना कुठला ते आठवत नाही. आठवते ती सुई. मला डब्यात घालण्याआधी कोणीतरी माझ्या पायांना मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि आकड्याकडं बघत बसलं. लेकराला पहिल्यांदा आईचा हात लागतो. मला पहिल्यांदा शंका लागली.

पुढं अकोल्याला एका गल्लीतल्या दुकानात आलो. दुकानदार चंद्रभान. त्याच्या काचेच्या पेटीत वायरी, दिवे, बॅटऱ्या यांच्यात पडून होतो. एक दिवस एक मुलगी आली. खांद्यावर पिशवी, केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं. ती दीपमाला. अमरावतीत एका गॅरेजमागच्या खोलीत ती यंत्रं बनवायची.

"भाऊ, हा ओरिजिनल आहे का?"

"बाई, ओरिजिनलचा बाप हाय हा."

"मग तुमचा मीटर द्या जरा."

"माह्यावर भरोसा नाई काय?"

"तुमच्यावर आहे. याच्यावर नाही."

चंद्रभान हसला आणि मीटर दिला. तिनं मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेलं. आकडा चढत गेला, कुठं अडखळला नाही, कुठं उडी मारली नाही. तसंच परत आणलं. मग हात सोडला आणि मी मधे उभा राहिलो का, ते वाकून पाहिलं. मी राहिलो. तेव्हा कुठं तिनं मला पिशवीत टाकलं.

अमरावतीच्या त्या खोलीत तिनं मला तारा जोडल्या. माझ्या प्रत्येक पोटेन्शियोमीटरला तीन पाय. एका टोकाच्या पायाला पाच व्होल्टची तार, दुसऱ्या टोकाच्या पायाला शून्याची, तिला ग्राउंड म्हणतात. मधला पाय जिभेचा. जीभ पाचाच्या बाजूला सरकली की तिच्या तारेवर वीज वाढते, शून्याच्या बाजूला सरकली की कमी होते. मधोमध असली की अर्धी. मला बोलता येत नाही. जे काही सांगायचं ते मी या मधल्या तारेवरून सांगतो. आमच्या गाडीत अर्ध्यापेक्षा कमी म्हणजे पुढं चल, जास्त म्हणजे मागं ये, आणि नेमकं अर्धं म्हणजे उभी राहा.

ही मधली तार जाते कंट्रोल बोर्डाकडं. हिरवी पाटी, तिच्यावर काळा चौकोनी मेंदू. त्याच्यासारखा संशयी मी दुसरा पाहिला नाही. तो सारखा विचारत राहतो, किती? आता किती? आता? मी आत्ताच सांगितलेलं असतं, तरी परत विचारतो. माझं उत्तर आलं की त्याचा आकडा करतो, आणि तो आकडा मोटारींच्या ड्रायव्हरला कळवतो. ड्रायव्हर बॅटरीची मोठी वीज चाकांकडं सोडतो. म्हणजे चाकं फिरवायची ताकद माझ्यात नाही, बोर्डातही नाही. माझ्याकडं फक्त शब्द आहे. शब्द खरा निघाला तर गाडी नीट चालते.

दीपमालानं बोर्डाला संशय घ्यायलाही शिकवलं. मधल्या जागेजवळ दांडा जरासा थरथरला तर लक्ष देऊ नको, माणसाचा हात आहे, थरथरणारच. आणि मधली तार कुठं तुटली तर गाडी तिथंच उभी कर. तार तुटली हे कळावं म्हणून तिनं त्या तारेपासून ग्राउंडकडं एक बारकासा रोधक, म्हणजे रेझिस्टर, लावला. तार तुटली की आकडा भरकटणार नाही, त्या रोधकावरून घसरत थेट शून्यावर जाईल. शून्य दिसलं की बोर्ड ओळखणार, हे खोटं आहे.

धडधडीत खोटं ओळखायला तिनं त्याला शिकवलं. खऱ्यासारखं दिसणारं खोटं कसं ओळखायचं, हे मात्र राहिलं.

गाडी बनवायला सांगितली होती सूर्यभानजींनी. साठीचे, उंच, डोळे बारीक करून बघणारे. वर्षानुवर्षं पाठीवर पंप घेऊन फवारा मारला, त्यानं छाती जड झाली होती. दीपमालानं सांगितलं, मोबाईलवरून चालेल अशी गाडी करून देते.

"म्हंजे तू अमरावतीतून बसल्या जागी चालोशीन?" त्यांनी विचारलं.

"मी कायले चालवू, काकाजी?"

"तू नाई तं दुसरं कोणी. हवेतून आलेला हुकूम कोणाचा, कोणाले माईत? मले तार पाहिजे. कासरा हातात दिसला पाहिजे."

म्हणून मला एका डब्यात बसवलं. डब्याला गळ्यात अडकवायचा पट्टा, आणि डब्यातून निघणारी लांब जाड केबल गाडीवरच्या बोर्डापर्यंत. मोटारींचा गोंगाट शेजारच्या तारेत शिरतो, म्हणून दीपमालानं जाळीच्या वेष्टनाची केबल घेतली. सूर्यभानजी तिला कासराच म्हणत. डबा गळ्यात घालून, कासरा मागं ओढत, झाडांच्या दोन ओळींतून ते चालत आणि पुढं गाडी औषध उडवत जाई. औषध त्यांच्या तोंडावर येत नसे. पहिल्या दिवशी घरी येऊन ते आपल्या बायकोला, पार्वताबाईंना म्हणाले, "आज खोकलो नाई मी."

त्या घरात कुंदनही होता. सूर्यभानजींच्या धाकट्या भावाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, याच घरात वाढला, आता तिशी ओलांडलेला. त्याचा ट्रॅक्टर होता, आणि त्याला ब्लोअर जोडून तो गावातल्या बागांत फवारणी करायचा. गाडी आली तेव्हा कमरेवर हात ठेवून त्यानं तिला चहूबाजूंनी पाहिलं.

"मोठेबाबा, याले चारा काय टाकता?"

"चार्जिंग."

"आन शेण?"

"शेण तुह्या डोस्क्यात हाय. जाय, कामाले लाग."

दोघंही हसले. पण पानठेल्यावर माणसं वेगळं बोलत. कुंदन, तुह्या पोटावर तुह्याच घरातून पाय पडून राहिला, असं कोणीतरी म्हणालं. कुंदन काही बोलला नाही. हे बोलणं सूर्यभानजींच्या कानावर आलं. त्यांना कोणी काय म्हणालं याचं काही वाटलं नाही. कुंदन गप्प राहिला, ते मात्र त्यांच्या मनात बसलं.

आमची जागा कोठ्यात. तिथं आधी बैलजोडी बांधलेली असायची. बैल म्हातारे झाले, गुडघ्यातून गेले, तेव्हा सूर्यभानजींनी ते परतवाड्याकडच्या ओळखीच्या घरी दिले. कोठ्यात दोन खुटे तेवढे राहिले. मी डब्यासकट एका खुंटीला टांगलेला असे आणि खाली गाडी.

पोळा आला. सूर्यभानजींनी आधीच सांगून टाकलं होतं, बैल नाहीत तर आपल्या घरी पोळा नाही, कोणी काही करायचं नाही. बोलले ते एकदाच, पण त्यांचं एकदा बोलणं म्हणजे झालं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला कोठ्याचं दार हळूच लोटलं गेलं. पार्वताबाई आल्या. पदराखाली वाटी झाकलेली. त्या दिवशी बैलांची खांद शेकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं, त्या खांद्याला कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं चोळायची आणि उद्या जेवायला ये म्हणून सांगायचं, असा तो रिवाज.

पार्वताबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. चाक चाचपलं, टाकी चाचपली.

"माय वो, याची खांद कुठं आली?"

मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. डबा खुंटीवरून काढून त्यांनी मांडीवर घेतला.

"कासराबी तूच, जूबी तूच. दिवसभर हात तुह्यावरच पडते ना? दुखते काय?"

वरून रबर होतं. रबरावर तूप चोळून काय उपयोग, कातडीला लागलं पाहिजे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझी टोपी हलकेच वर सारली आणि पळसाच्या पानानं आत, दांड्याच्या बुडाशी, कोमट तूप-हळद लावली. सावकाश. गोल गोल.

"उद्या जेवाले येय, बाप्पा. कोणाले सांगू नको पण. बुढ्याले समजलं तं हासतीन मले."

मला आजवर सुया टोचल्या होत्या, तारा जोडताना कथिलाचे डाग दिले होते, ताणून पाहिलं होतं. ऊब कोणी दिली नव्हती. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. संशयी माणसाचं असंच होतं बघा. जिथं संशय घ्यायचा तिथं नेमका घेत नाही.

दुसऱ्या दिवशी गावात बैल सजले, वाजंत्री वाजू लागली, सगळे वेशीवरच्या तोरणाकडं गेले. भर दुपारी कुंदन एकटा कोठ्यात आला. खाली पडलेलं पिवळं पळसाचं पान त्यानं उचललं, वास घेतला आणि एकट्याशीच हसला. पान खिशात घातलं. मग तो रिकाम्या खुट्याशी बसला, खुट्यावरून हात फिरवू लागला, आणि गुडघ्यात तोंड घालून बराच वेळ रडला. त्या बैलांना पाणी पाजायचं काम लहानपणापासून त्याचं होतं. बाहेर पडताना त्यानं तोंड पुसलं. सूर्यभानजी रस्त्यानं परत येत होते. त्यांनी त्याला कोठ्यातून निघताना पाहिलं. विचारलं नाही. पाहून ठेवलं.

पोळ्यानंतर फवारणी निघाली. अंबिया बहाराची फळं गळत होती, थांबून चालणार नव्हतं. सकाळी गाडी अगदी नीट चालली. मधे सूर्यभानजी चहा प्यायला थांबले, तेव्हा डबा झाडाच्या फांदीला टांगला. कुंदन पलीकडच्या ओळीत गवत काढत होता. ऊन उघडलं होतं. माझ्या टोपीखालचं घट्ट तूप पातळ झालं आणि हळदीचे कण घेऊन खाली उतरू लागलं. दांड्यावरून पोटेन्शियोमीटरच्या फटीत. फटीतून कोळशाच्या पट्टीवर. माझ्या जिभेखाली.

मला ते कळत होतं, पण सांगू कुणाला आणि कसं? बोलायला माझ्याकडं मधली तार तेवढी, आणि तिला शब्द देणारी जीभच तुपात होती.

चहा पिऊन सूर्यभानजींनी डबा गळ्यात घातला. दांडा पुढं केला, गाडी निघाली. पुढं पार्वताबाई गळलेली फळं टोपलीत वेचत होत्या. त्यांच्यापासून बरंच अंतर असताना सूर्यभानजींनी हात सोडला. मी मधे आलो, सरळ उभा राहिलो. पण माझी जीभ तुपावर होती. पट्टीला धड लागलेली नाही, धड सुटलेली नाही. तार तुटलीच असती तर आकडा शून्यावर गेला असता आणि बोर्डानं गाडी थांबवली असती. इथं तो अर्ध्याखाली घसरला आणि मधेच कुठंतरी टेकला. बोर्डानं विचारलं, किती? मी खोटं बोललो. बोर्डाला ते खरं वाटलं. पुढं चल.

"हो! हो! थांब!" सूर्यभानजी बैलाला ओरडावं तसे ओरडले. दांडा इकडं-तिकडं आपटला. गाडी थांबेना. पार्वताबाईंची गाडीकडं पाठ होती.

पलीकडच्या ओळीतून कुंदन धावत आला. त्यानं पार्वताबाईंना दंडाला धरून बाजूला ओढलं आणि गाडीच्या मागचं लाल बटण मुठीनं दाबलं. गाडी थांबली. टोपली चाकाखाली गेली होती. संत्री चेंदली होती.

"मोठीमाय, लागलं काय वो?"

"नाई रे बाप्पा. काय झालं?"

सूर्यभानजी धापा टाकत आले. आधी त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती धड आहे, हे पाहिलं. मग कुंदनकडं.

"तू येवढ्यात इथं कसा?"

"कसा म्हंजे? तुमी बोंबलले तं आलो."

"बटन कुठं हाय ते तुले कसं माईत?"

"लाल तं हाय, मोठेबाबा. आंधळ्यालेबी दिसते."

"सकाळी गाडी बराबर होती. मंधात डबा झाडाले टांगला. तवा इथं कोण होतं? तूच ना?"

कुंदननं चेंदलेल्या टोपलीकडं बोट केलं. "मंग काय मोठीमायले चेंदू देतो?"

"तेच इचारून राहिलो. गाडी सुटन हे तुले आधीच समजलं कसं?"

ज्यानं माणूस वाचवला, त्याचं धावत येणंच त्याच्यावर उलटलं. मी गळ्यात लटकत ऐकत होतो.

सूर्यभानजींनी गाडी कोठ्यात ढकलून लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दीपमालाला फोन केला. त्या संध्याकाळी मला घरातले आवाज भिंतीपलीकडून येत होते. रोज जेवताना काका-पुतण्याची थट्टा चालायची. त्या दिवशी फक्त ताटं ठेवल्याचे आवाज आले.

दुसऱ्या दिवशी दीपमाला एसटीनं आली. तीही घाबरलेली होती. काही झालं की बाहेरून आलेल्याचं नाव आधी निघतं, हे तिला ठाऊक होतं. गाडी तिची, चूक तिची, असं ठरलं तर या पंचक्रोशीत तिला पुन्हा कोणी उभं करणार नाही, ही काळजी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. म्हणून तिनंही तेच विचारलं.

"याला कोणी हात लावला होता का?"

"इचार याले," सूर्यभानजी म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी कोठ्यात होता."

"दादा, काय करत होते तुम्ही?"

"बसलो होतो."

"कायले?" सूर्यभानजींनी विचारलं.

"असंच."

"रिकाम्या कोठ्यात असंच कोणी बसते काय?" सूर्यभानजींचा आवाज चढला. "आता हे उघडणार. ज्यानं याले हात लावला असन त्यानं या घरचं पाणी सोडाव. मंग तो कोणीबी असो."

कोणीबी असो म्हणताना ते कुंदनकडंच बघत होते. कुंदननं मान खाली घातली. बैलांसाठी रडलो, हे तिशीच्या माणसानं चारचौघांत कसं सांगावं? आणि खिशातलं पान दाखवलं असतं तर मोठीमायची चोरी उघडी पडली असती. तूप गाडी बिघडवतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पार्वताबाईंनाही नव्हतं. त्या दारात उभ्या राहून पदर चावत होत्या.

दीपमाला खाली बसली. तिनं आधी केबल हातानं चाचपत आणली, कुठं कापली आहे का पाहिलं. नव्हती. पाच व्होल्ट मोजले, बरोबर होते. ग्राउंड बरोबर होतं. मग माझ्या मधल्या तारेवर मीटर लावला आणि मला हळू पुढं-मागं केलं. आकडा चढला, पडला, परत चढला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"तारा बऱ्या आहेत. बोर्ड बरा आहे. बिघाड याच्या पोटात आहे."

तिनं रबरी टोपी सोलून काढली. आत सगळं पिवळं. तिनं बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"तूप," ती म्हणाली. "आणि हळद."

कुंदननं मान वर केली. त्यानं मोठीमायकडं पाहिलं. मोठीमायचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी टाकलं," कुंदन म्हणाला.

सगळे वळले.

"मी टाकलं, मोठेबाबा. जातो मी."

दीपमालानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "कशानं टाकलं, दादा?"

"पळसाच्या..." तो अडखळला. "पानानं."

पार्वताबाई तरातरा पुढं आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला.

"मुडद्या, खोटं कायले बोलतं? खांद शेकाले तुले तरी येते काय?" मग नवऱ्याकडं वळल्या. "मी शेकली. म्या. बैल गेले म्हून तुमी पोळाच बंद केला. सालभर ज्यानं तुमची छाती वाचवली, त्याची खांद शेकू नाई काय?"

"मशिनची खांद?" सूर्यभानजी म्हणाले.

"मंग कोणाची? तुमची?"

दीपमालाला हसू आलं, ते तिनं खाली बघून गिळलं. "काकू, तुमची चूक नाही. टोपी अशी उघडते, ही माझी चूक. आणि थांबायचं बटण डब्यावरही पाहिजे होतं. ते मी लावते."

पार्वताबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या कोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. दीपमालानं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"तुहं देय बाई. या घरचं आता मले बंद झालं."

"मी तुले नाई म्हटलं," सूर्यभानजी म्हणाले.

"मंग कोणाले म्हटलं?"

साधा प्रश्न होता. पण त्याचं उत्तर कुंदनच्या समोर द्यायचं होतं. सूर्यभानजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, परत टाकला. मी बऱ्याच माणसांच्या मुठीत राहिलोय. माणूस अडला की त्याचा हात कसा होतो, ते मला कळतं. त्यांचे हात काही धरायला शोधत होते.

"याले म्हटलं," शेवटी ते म्हणाले. "याच्यावर शक घेतला मी."

ते घरात गेले. माठातून गडवा भरून आणला आणि कुंदनपुढं धरला. लेक म्हणून वाढवलेल्या माणसाला असं पाहुण्यासारखं पाणी देताना त्यांनी गडवा दोन्ही हातांनी धरला होता. कुंदननं दोन घोट घेतले आणि गडवा मोठीमायच्या हातात दिला. त्याही प्यायल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज एवढा बोललो नसतो.

दीपमालानं मला स्पिरिटनं धुतलं, वाळवलं, तात्पुरतं परत बसवलं. गाडी चालू लागली. पण कुंदन बदलला. तो गाडीला एकट्यानं हात लावेना. चार्जिंग लावायचं असलं तरी आधी हाक मारायचा, "मोठेबाबा, या, पाहा." टाकीत पाणी ओतायचं तरी, "मोठीमाय, पाहून राहिली ना वो?" कोठ्यात काही घ्यायला गेला तर बाहेर येऊन दोन्ही हात उघडून दाखवायचा. हसत करायचा, थट्टा केल्यासारखं. सूर्यभानजी हसत नसत. प्रत्येक हाकेला त्यांना उठून यावं लागे, आणि येताना ते आणखी म्हातारे दिसत.

माझ्या पट्टीवर जिथं जीभ जास्त घासली, तिथं लेप पातळ झालाय. स्पिरिटनं तूप निघालं, पण लेप परत येत नाही. तसंच काहीसं त्या घरात झालं होतं.

मग एक दिवस दीपमाला नवा दांडा घेऊन आली. त्याच्या पोटात कोळसा नाही, जीभ नाही. चुंबक आहे, काहीच घासत नाही. त्याची टोपी चिकटवून बंद केलेली. डब्यावर लाल बटणही आलं. मला काढून तिनं पिशवीत ठेवलं आणि पिशवी फांदीला अडकवली. तोंड उघडं होतं, म्हणून पुढचं मला दिसलं.

सूर्यभानजींनी नवा डबा हातात घेतला. उलटसुलट पाहिला. मग तो कुंदनच्या गळ्यात घातला.

"आता तू चालव. गावात बाकीच्यांच्या बागातबी घेऊन जाय. पोरगी आनखी गाड्या करून देते म्हंते."

"मी?" कुंदन म्हणाला. "बरं. मंग तुमी इथं उभे राहा, मोठेबाबा. पाहा."

सूर्यभानजी वळले आणि घराकडं चालू लागले.

"मोठेबाबा! पाहा तं खरं!"

ते थांबले नाहीत. त्यांना मागं वळून बघायची जन्माची सवय. बागेतून निघताना फाटक लावलं की नाही, हे ते दोनदा वळून बघत. त्या दिवशी मान ताठ धरून, हात पाठीमागं बांधून, ते झाडांच्या ओळीतून सरळ चालत गेले. त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली मला दिसत होती.

"मोठेबाबा!"

"तूच पाह्य," ते न वळता म्हणाले. "मले घरी काम हाय."

कुंदननं गळ्यातला पट्टा नीट केला. मग त्यानं दांड्यावर हात ठेवला आणि गाडी पुढं निघाली. साक्षीला कोणी नव्हतं. दीपमालाही मुद्दाम पाठ करून अवजारं भरत बसली.

आता मी अमरावतीत, तिच्या टेबलावर असतो. नवीन बोर्ड आला की ती आधी माझ्याशी जोडून पाहते. माझं मधलं पूर्वीसारखं मधोमध येत नाही, थोडं एका बाजूला राहतं. पहिल्यांदा तिच्या ते लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, आता भंगारात. पण तिनं मला टाकलं नाही. बोर्डाला तिनं एवढंच लिहून सांगितलं, की याचं मधलं इथं आहे, इथून मोज. बोर्ड अजूनही सारखा विचारतो, किती? मी सांगतो. आमचं बरं चाललंय.

तुम्ही कधी तिच्या खोलीत आलात तर मला हात लावून बघा. मी जरा कललेला दिसेन. त्यावरून मनात काही धरू नका. हात सोडून बघा, मी थांबतो.